पेटीत आजोबांचा सदरा का सापडत नाही

लुगड्यांवर आणि पैठण्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं. कुणाच्या आजीचं काठापदराचं लुगडं, कुणाच्या पणजीचा शालू, त्यांचे फोटो, खाली पन्नास जणांचे नमस्कार. छानच आहे ते. पण मला एक सांगा, तुमच्यापैकी किती जणांकडे आजोबांचा सदरा आहे? कोट सोडा, साधा सदरा. धोतरही चालेल.

हा प्रश्न मला पडतो कारण माझं सगळं आयुष्य पुरुषांच्या कापडामागे गेलं. मी परसवाड्याचा. बालाघाट जिल्ह्यात, घाट चढून वर आलं की लागतं ते आमचं गाव. १९७७ साली बालाघाटला एका कापडाच्या दुकानात लागलो आणि अडतीस वर्षं सुटिंग-शर्टिंगच्या काउंटरमागे उभा राहिलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. पुढे काही गोष्टी अशा येणार आहेत की नाव नसलेलंच बरं.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बालाघाट जिल्हा १८६७ साली झाला, इंग्रजांच्या मध्यप्रांतात, ज्याची राजधानी नागपूर. वैनगंगेच्या काठचा खालचा भाग जुन्या वस्तीचा. परसवाड्याचं पठार मात्र तोवर बरंचसं जंगल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लछमन नाईक नावाच्या माणसाने तिथे पहिली गावं बसवली असं जुन्या सरकारी नोंदी सांगतात. म्हणजे आमच्या गावाला सहा-सातशे वर्षांचा वाडा वगैरे काही नाही. जे आले ते डोक्यावर गाठोडं घेऊन आले, आणि गाठोड्यात कापड किती असणार! आधीपासून इथे होते ते गोंड आणि बैगा. मागून पोवार, मरार, कोष्टी, कुणबी, महार, तेली. घरात कुणाची मराठी, कुणाची पोवारी, कुणाची गोंडी. बाजारात हिंदी. दुकानात आम्ही घरी ‘माप’ म्हणायचो ते ‘नाप’ होऊन जायचं, आणि ‘ताक्या’चं ‘थान’.

त्या काळी पुरुषाच्या अंगावर शिवलेलं असं फारसं नसे. धोतर, खांद्यावर दुपट्टा, डोक्याला पागोटं. फार तर बंडी. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ साली चार खंडांचा मोठा ग्रंथ काढला. त्यात आपल्या भागातल्या विणकरांची पानंच्या पानं आहेत. कोष्टी रेशीमकाठी कापड विणत, तर जाडंभरडं रोजचं कापड विणणारे महार आणि पनका. हे ध्यानात ठेवा. शेतकऱ्याच्या, सालदाराच्या, बैग्याच्या अंगावरचं कापड विणणारे हात कुणाचे होते, हे आपण पटकन विसरलो.

मग नागपूरला गिरणी आली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून ते नाव. गिरणीचं कापड स्वस्त. हातमागाचं जाडं कापड हळूहळू मागे पडलं, आणि कोष्टी व महार समाजाची कितीतरी माणसं नागपूरच्या गिरणीतच कामाला लागली. आपल्याकडे वारासिवनीचे कोष्टी मात्र टिकले. त्यांच्या हातमागाच्या साडीला आणि कापडाला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळालं. बघा, तिथेही साडीच पुढे. वारासिवनीचं धोतर कुणी मागितलं नाही.

माल आमच्याकडे यायचा कसा? गोंदियाहून. हावडा-नागपूर मोठ्या लाइनवर गोंदिया, आणि तिथून अडीच फुटी नॅरोगेज बालाघाट, लामता, नैनपूर करत जबलपूरपर्यंत. ती छोटी गाडी म्हणजे आमच्या भागाचं सगळं दळणवळण. नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक बाजारातून गाठी गोंदियाला यायच्या, तिथून या गाडीने वर. परसवाड्यापर्यंत पुढे बैलगाडी, नंतर मोटार. बाजाराच्या दिवशी कापडवाले जमिनीवर ताडपत्री अंथरून ताके मांडत. मला आठवतं तेव्हा मांजरपाट, लठ्ठा, पॉपलिन आणि खाकी ड्रिल एवढेच प्रकार असत. बाकी रंग बायकांच्या बाजूला.

धोतर हातावर मोजायचं आणि शर्ट इंचावर, ही त्या काळची खूण. आठ-नऊ हाती धोतर माणूस स्वतःच्या कोपरापासून बोटापर्यंत मोजून घ्यायचा, दुकानदारावर विश्वास नाही म्हणून. लांब हाताचा भाऊ बरोबर आणायचा. बाकी कापड वारावर. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, साठच्या दशकाच्या सुरुवातीला वाराची लोखंडी काठी गेली आणि मीटरची पट्टी आली. मीटर वारापेक्षा जवळजवळ साडेतीन इंच लांब. गिऱ्हाईक भाव ऐकून म्हणायचं महाग झालं, आणि कापड हातात आल्यावर म्हणायचं जास्त आलं. मी लागलो तेव्हासुद्धा म्हातारी माणसं ‘तीन वार द्या जी’ म्हणायची आणि आम्ही मुकाट्याने पावणेतीन मीटर फाडायचो.

याच १९५६ सालात आमच्या भागावर दुसरी एक काठी फिरली. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिलं. राजधानी नागपूरहून भोपाळला, हायकोर्ट नागपूरहून जबलपूरला. आपल्या मराठी घरांमध्ये या गोष्टीचं दुःख आजही बोललं जातं. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. ते म्हणायचे, “एका रात्रीत आपण पाहुणे झालो.” बोलणं खरं. पण कापडाच्या दुकानात उभं राहिलं की सीमा वेगळी दिसते. वकिलाचा काळा कोट आधी सीताबर्डीला शिवला जायचा, तो जबलपूरला शिवला जाऊ लागला, हे मी मास्तरांकडून (शिवणाऱ्या मास्तरांकडून, वडिलांकडून नव्हे) ऐकलेलं आहे. साहेबाला ज्या गावी हजर व्हायचं त्या गावचा शिंपी. पण गिरणीचं कापड मात्र पूर्वीसारखंच गांधीबागेतून येत राहिलं. त्याला कारणही होतं. १९५७ साली केंद्राने कापड, साखर आणि तंबाखू यांच्यावर जादा अबकारी कर बसवला आणि त्या बदल्यात राज्यांनी या मालावरचा विक्रीकर सोडला. त्यामुळे नागपूरचं कापड गोंदियाची हद्द ओलांडून बालाघाटला आलं म्हणून महाग झालं नाही. कोर्टकचेरी, शाळेची भाषा, नोकरीची जाहिरात, सगळ्यांना सीमा लागली. शर्टाला लागली नाही.

आता माझ्या काउंटरवर येतो. मी लागलो ते टेरिकॉटचे दिवस. साठच्या दशकात आपल्या देशात टेरीन बनू लागलं होतं, सत्तरच्या दशकात ते खेड्यापर्यंत पोचलं. सदुसष्ट टक्के पॉलिएस्टर, तेहतीस टक्के सूत, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ. किनारीवर मिलचं नाव आणि टक्के छापलेले असत आणि गिऱ्हाईक ती किनार शर्टाच्या आतल्या पट्टीवर दिसेल अशी शिवून घ्यायचं. रेमंड, विमल, दिनेश, दिग्जाम, ग्वालियर सुटिंग ही नावं म्हणजे घराण्यांसारखी. लग्नाच्या बोलणीत ‘नवरदेवाला रेमंडचा सूट’ अशी अट असायची. पत्रिका जुळली, सुटावर अडलं, अशी लग्नं मी बघितलेली आहेत.

बेलबॉटमची मोहरी चोवीस इंचांवरून सव्वीस, मग अठ्ठावीस. शोले आणि दीवार दोन्ही १९७५ चे, पण आमच्याकडची फॅशन मी लागलो तेव्हाही तीच चालू होती. पडद्यावरून काउंटरपर्यंत यायला दोन वर्षं लागायची. मग सफारी सूट. पटवारी, ग्रामसेवक, कृषी खात्याचा माणूस, लग्नातला मामा, सगळे सफारीत. राखाडी, बदामी, बिस्किटी. त्यावर दोन खिसे वर, दोन खाली. सफारीला आज कितीही हसा, पण ज्याने जन्मभर धोतर नेसलं त्याच्या मुलाला कोट-टायच्या भानगडीत न पडता साहेबासारखं दिसायची ती पहिली सोय होती.

दुकानात मला काय शिकवलं? सगळ्यात आधी पन्हा. छत्तीस पन्ह्यात पूर्ण बाहीच्या शर्टाला अडीच मीटर, अठ्ठावन्न पन्ह्यात पॅन्टला एक वीस. पोट असेल तर एक तीस, आणि हे पोटाकडे न बघता सांगायचं. मग ताका उलगडायची पद्धत. मनगटाच्या एका झटक्यात ताका काउंटरवर तीन वळसे उलटून पडला पाहिजे आणि कापड गिऱ्हाईकाच्या हाताशी जाऊन थांबलं पाहिजे. हात कापडाला लागला की अर्धं काम झालं. मला हे जमायला एक दिवाळी गेली.

दुसरं शिक्षण आहेराचं. लग्नसराईत पॅन्टपीस-शर्टपीसचे गठ्ठे जायचे. गिऱ्हाईक आधी मोठ्याने म्हणायचं, “पाहुण्यांसाठी दाखवा,” आणि मग खाली वाकून हळूच, “जवाईबापूंचा वेगळा दाखवा जी.” दोन्हींची फळीच वेगळी होती. पाहुण्यांच्या फळीवरचं कापड कधी शिवलंच जायचं नाही. ते एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जायचं, गोंदियाहून तिरोड्याला, तिरोड्याहून वारासिवनीला. आमच्याच दुकानाची चिठ्ठी लागलेला एक बदामी पॅन्टपीस तीन वर्षांनी आमच्याकडेच बदलून मागायला आला. घडीवर कापड फिकं पडलेलं. शेटजींनी बदलून दिला. म्हणाले, “फिरून फिरून घरी आला, त्याला हाकलायचा कसा?”

१९८२ च्या जानेवारीत मुंबईत दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. सुरुवातीला आमच्याकडे काहीच फरक दिसला नाही, गोदामं भरलेली होती. मग मिलच्या शिक्क्याचं पॉपलिन मिळेना. त्या जागी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, बुऱ्हाणपूरचं यंत्रमागाचं कापड आलं. किनारीवर नावच नाही किंवा ओळखीच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे. संप संपल्याची बातमी कुणी दिली नाही. जुनं कापड फक्त परत आलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात मलाजखंडची तांब्याची खाण देशाला अर्पण झाली आणि आमच्याकडे पगारी गिऱ्हाईक वाढलं. भरवेली आणि उकव्याचे मँगनीजचे कामगार होतेच. मुंबईत गिरणगाव ओस पडत होतं आणि इथे आम्ही नवीन आरसा लावत होतो. तेव्हा या दोन गोष्टी मी जोडून बघितल्या नव्हत्या. आता बघतो.

पुण्याला शिकणारा माझा भाचा मागच्या दिवाळीत आला होता. घरभर उचकून त्याने माझी जुनी कॉर्डरॉयची पॅन्ट शोधली आणि म्हणाला, “मामा, हे विंटेज आहे. पुण्यात याला पैसे पडतात.” मी म्हटलं, अरे याला आमच्याकडे जुनेर म्हणतात. तो हसला. पण मी त्या शब्दावर जरा अडकलो. जुनेर म्हणजे जुनं झालेलं, दुसऱ्याला द्यायचं कापड. आपल्या सुखवस्तू घरांमधून पुरुषांचं कापड कुठे गेलं याचं उत्तर त्या एका शब्दात आहे.

सदऱ्याचा प्रवास सांगतो. पहिली दोन वर्षं सणाला. मग रोजच्याला. कॉलर झिजली की शिंपी ती उसवून पलटी करून लावायचा, झिजलेली बाजू आत. ‘कॉलर पलटवून द्या’ हे वाक्य आजच्या मुलांना कळणारही नाही. कोपरं गेली की बाह्या अर्ध्या. मग धाकट्या भावाला. शिंपी मुलांचे कपडे शिवताना शिवणीत दोन बोटं माया सोडायचा, पोरगं वाढलं की उसवायला. (जादा सोडलेल्या कापडाला माया म्हणणारी दुसरी भाषा मला माहीत नाही.) त्यानंतर जे उरे ते पोळ्याला किंवा अक्षय्य तृतीयेला सालदाराला. सालदाराचं साल ठरताना धान्य, पैसा आणि कापड असं बोललं जाई: एक धोतर, एक बंडी, एक घोंगडं. त्या नव्या कापडाच्या जोडीला मालकाचं जुनेर. मालकीणबाई ते देताना घरातल्यांसमोर देई, आणि घरातले म्हणत, किती मोठं मन. सालदाराच्या अंगावर फाटलं की मगच त्याची गोधडी. सुती कापडाची गोधडी मऊ होते. टेरिकॉट आलं आणि तेही थांबलं. घसरतं, घाम पीत नाही, सुई नीट चालत नाही. ‘जुनं कापड टिकायचं’ असं मोठ्या कौतुकाने म्हणणाऱ्यांना मी सांगतो, सुती टिकत नव्हतं, आपण ते टिकवत होतो. टेरिकॉट खरंच टिकायचं. मे महिन्यात ते घालून बघा एकदा बालाघाटला.

पुरुषाचा कपडा पेटीत राहिला नाही तो असा. बाईचं लुगडं आठवण म्हणून ठेवलं गेलं, पुरुषाचा सदरा कामाचा म्हणून वापरला गेला, आणि शेवटी तो आपल्यापेक्षा खालच्या समजलेल्या माणसाच्या अंगावर संपला.

आता ती गोष्ट, ज्यासाठी दुकानाचं नाव लिहिलं नाही.

दुकानात पांढरी गादी होती. तिच्यावर कोण बसायचं आणि पायरीवर कोण, हे कुणी बोलत नसे आणि सगळ्यांना ठाऊक असे. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झालेला. मी लागलो १९७७ ला, बावीस वर्षांनी. तोवर कुणी कुणाला हाकलत नव्हतं, ‘या, बसा’ सगळ्यांनाच म्हणत. पण काही गिऱ्हाईकं ‘बसा’ म्हटलं तरी पायरीवरच बसायची, म्हातारी विशेष करून. आणि पायरीवर बसलेल्याला ताका उलगडून दाखवायची रीत नव्हती. भाव सांगायचा, किती पाहिजे विचारायचं, फाडून द्यायचं. मघाशी लिहिलं ना, हात कापडाला लागला की अर्धं काम झालं. तो हात लागू द्यायचा नव्हता, मुळात रीत त्याचीच होती. ज्यांच्या आज्यापणज्यांनी या मुलखाचं कापड विणलं त्यांना कापडाला हात लावून बघायची मुभा नव्हती.

१९८४ च्या आसपास असाच एक म्हातारा आला. वय साठीच्या पुढे, घाटाखालच्या गावचा. पायरीवर टेकला. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि मला म्हणाला, “बाबू, मास्तरले बोलाव. याचा नाप घेऊन असाच शिवाचा आहे. नातवाच्या लग्नात घालतो.”

पांढरा लठ्ठ्याचा सदरा होता. कॉलरचा, पूर्ण बाहीचा, शिंपल्याच्या गुंड्यांचा. घड्यांवर पिवळा पडलेला, पण एक टाका उसवलेला नाही. मास्तरांनी हातात घेतला, शिवण उलटी करून बघितली, कॉलर बघितली. दोन-तीन वेळाच घातला असावा. मास्तरांनी विचारलं, कधीचा जी हा? म्हातारा म्हणाला, “नागपूरचा.”

तेवढ्यावर मास्तर समजले, मला वेळ लागला. १४ ऑक्टोबर १९५६. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली तो दिवस. लाखो माणसं आली होती, पांढरे कपडे घालून. आमच्या भागातून माणसं गोंदियापर्यंत छोट्या गाडीने, काही पायी, तिथून नागपूर. बाबासाहेब आपल्या लोकांना परके नव्हते. दोनच वर्षांपूर्वी, १९५४ साली, शेजारच्या भंडाऱ्यातून ते लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते आणि हरले होते. म्हाताऱ्याने सांगितलं ते असं: तोवर त्याने नवा शिवलेला कपडा घातलाच नव्हता. धोतर आणि मालकाचं जुनेर. दीक्षेला पांढरं घालून यायचं म्हणून त्याने बायकोची चांदीची एक वस्तू मोडली आणि लठ्ठा घेतला. बालाघाटात घेतला नाही, गोंदियाला घेतला. का ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

“मापाने शिवलेला पहिला हा,” तो म्हणाला. “दुसऱ्याच्या मापाचा नोहोय.”

दीक्षा १४ ऑक्टोबरला आणि सीमा १ नोव्हेंबरला. मध्ये अठरा दिवस. आमच्या घरात १९५६ म्हटलं की वडील दुसऱ्या तारखेबद्दल बोलत आणि उसासा टाकत. त्या म्हाताऱ्याच्या घरात १९५६ म्हटलं की पहिली तारीख. एकाच तालुक्यातली, एकाच गाडीने जाणारी-येणारी माणसं, आणि एकाच वर्षाच्या दोन आठवणी. एकीत काहीतरी गेलं, दुसरीत काहीतरी पहिल्यांदा अंगावर आलं.

मास्तर बाहेर पायरीवर गेले, म्हाताऱ्याला उभं केलं आणि माप घेतलं. छाती, तीरा, बाही, कॉलर. मी वहीत लिहून घेतलं. मग मी पांढऱ्याचे तीन ताके पायरीवर नेले आणि तिथेच उलगडले. शेटजी गल्ल्यावरून बघत होते. काही बोलले नाहीत. म्हाताऱ्याने तिन्ही कापडं अंगठा आणि बोटात धरून चोळली, अगदी सावकाश, आणि मधलं घेतलं. जुना सदरा परत वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेला. मास्तर नंतर म्हणाले, त्यातली शिवण साधीच होती, गोंदियाच्या कुठल्यातरी बाजारातल्या शिंप्याची. पण त्यांनी ती ज्या तऱ्हेने हातात धरली होती तसं मी त्यांना लग्नाचा सूट धरताना बघितलं नाही.

अडतीस वर्षांत पेटीत जपून ठेवलेला पुरुषाचा साधा सदरा मी बघितला तो एवढा एकच. तो कुठल्याही वाड्यातून आला नव्हता.

नंतरचं सांगायला फार नाही. रेडीमेड आलं. १९९१ ला छिंदवाडा जिल्ह्यात, सौंसरजवळ बोरगावला, रेमंडचा कारखाना झाला. ज्या नावासाठी लग्नं अडायची ते नाव आपल्या बाजूला येऊन बसलं, आणि त्याच दशकात आमच्या गिऱ्हाईकाने शिवून घेणं सोडायला सुरुवात केली. उल्हासनगरची जीन्स, हावड्याच्या मंगळा हाटातले शर्ट, जबलपूरचे सूट. पूर्वी माणूस दुकानात यायचा आणि कापड त्याच्या मापाचं व्हायचं. आता तो येतो, अडतीस, चाळीस, बेचाळीस यांतला एक आकडा सांगतो आणि त्या आकड्यात बसतो. याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. मास्तरांकडे मापांच्या चौदा वह्या होत्या. गावातल्या प्रत्येक पुरुषाची छाती आणि कंबर, वर्षागणिक. कोण खंगलं, कोण सुटलं, कुणाचा खांदा नांगराने एका बाजूला उतरला, सगळं त्यात. मास्तर गेल्यावर त्या वह्या रद्दीत गेल्या.

पण हेही खरं की रेडीमेडच्या दुकानात पायरी नव्हती. कपडे दांडीला टांगलेले, ज्याला वाटेल त्याने हात लावावा, घालून आरशात बघावं. किंमत चिठ्ठीवर, सगळ्यांना एक. शेटजींच्या मुलाने दुकान नवीन केलं तेव्हा गादी काढली आणि फरशी बसवली. मला गादीची आठवण येते. त्या म्हाताऱ्याच्या नातवाला येत असेल असं वाटत नाही, आणि माझ्या आठवणीपेक्षा मी त्याच्या न येण्याला जास्त मान देतो.

थंडीत गोंदिया-बालाघाटला स्वेटर विकायला बसणारे तिबेटी तुम्ही बघितले असतील. अर्जुनी-मोरगावजवळची त्यांची नॉरग्येलिंग वसाहत १९७२ ची. त्यांच्यातल्या एका आजींनी मला एकदा विचारलं होतं, तुम्ही लोक जुने कपडे घरात ठेवत नाही का? आम्ही म्हटलं, बायकांचे ठेवतो. त्या म्हणाल्या, आमच्याकडे माझ्या वडिलांचा अंगरखा आहे, तो नेसूनच ते डोंगर उतरले. तेव्हाही मला त्या वर्तमानपत्रातल्या लठ्ठ्याची आठवण झाली.

तर मंडळी, एक काम करा. या दिवाळीच्या साफसफाईत पेटी उघडाल तेव्हा लुगड्यांच्या खाली बघा. वडिलांचा, आजोबांचा कोट, सदरा, बंडी, काही सापडलं तर कॉलरच्या आत किंवा आतल्या खिशावर शिंप्याची चिठ्ठी शिवलेली असेल. सीताबर्डी, गोंदिया, जबलपूर, रायपूर, जे गाव असेल ते लिहून कळवा. आणि चिठ्ठी नसेल, हातशिलाई असेल, तर तो कुणी शिवला आणि आधी कुणाच्या मापाचा होता, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या.